हप्ता गाडीचा, वय समोरच्याचं

गेल्या महिन्यात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मला गाडी चालवण्याचं पक्कं लायसन्स मिळालं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला फॉर्म १-ए वर डॉक्टरांचा दाखला लागतो, तो दिला. शिकाऊ लायसन्सनंतर किमान ३० दिवस थांबावं लागतं, तेही थांबले. पंचावन्न वर्षांनंतर लायसन्स पाचच वर्षांचं मिळतं, म्हणजे सहासष्टाव्या वर्षी पुन्हा रांगेत उभं राहायचं आहे. एवढी खटपट केली ती हौस म्हणून नाही. ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि त्यांनी स्वतःहून गाडी सोडली. मुलगी पुण्याला असते. सोपाऱ्यातून दवाखान्यात जायचं तर रिक्षावाल्यांची मनधरणी करायची, आणि खाली सहा वर्षांची आमची गाडी धूळ खात उभी.

लायसन्सचा फोटो पाठवला तसा इंग्लंडमधल्या भाच्याचा फोन आला. मुबारकबाद देऊन झाल्यावर म्हणाला, "खाला, इन्शुरन्सचा हिशेब केलात का? आमच्याकडे नव्या ड्रायव्हरला हप्ता ऐकूनच घाम फुटतो. वय किती, लायसन्सला किती वर्षं झाली, हे आधी विचारतात. गाडी अब्बूंच्या नावावर असली तरी चालवणाऱ्याचं नाव पॉलिसीत घालावं लागतं." मला धडकी भरली. निवृत्त शिक्षिकेच्या पेन्शनवर आमचं घर चालतं. वही उघडली आणि अंदाजे आकडा लिहिला: दुप्पट.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या एजंटला विचारलं, "माझं वय एकसष्ट आणि लायसन्स कोरं. किती वाढेल?" त्यानं उत्तर दिलं नाही, उलट मलाच विचारलं, "मॅडम, गाडी किती सीसीची? पासिंग कुठलं? मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का?" मी पुन्हा वयाचं सांगितलं. तो हसला. "वयाचं टेन्शन घेऊ नका."

टेन्शन गेलं, पण प्रश्न राहिला. साठी उलटलेली, क्लच अजून अंदाजानं सोडणारी बाई स्टिअरिंगवर बसणार आहे, आणि विमा कंपनीला त्याची दखल घ्यावीशी वाटत नाही, असं का? इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं असल्यामुळे मी त्याचं उत्तर मागे जाऊन शोधलं.

जोखमीचा दर ठरवण्याच्या दोन रीती फार जुन्या आहेत, आणि दोन्ही एकाच ग्रंथात शेजारी शेजारी सापडतात. याज्ञवल्क्यस्मृतीत तारण नसलेल्या साध्या कर्जाचा दर माणूस पाहून आहे: वर्णाप्रमाणे महिना शेकडा २, ३, ४, ५. पण रानवाटेनं जाणाऱ्या व्यापाऱ्याला शेकडा १० आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा २०. तिथे दर वाटेवरून ठरतो, नाखवा म्हातारा की तरणा हे पाहिलं जात नाही. आमचं सोपारा म्हणजे तेव्हाचं शूर्पारक. अरब लेखक त्याला सुबारा म्हणत. इथल्या बंदरातून निघणाऱ्या मालाला हे वाटेचे दर ठाऊक असणारच.

माणूस पाहून दर लावण्याची रीत आपल्या लोकांनी पुढेही भोगली आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज आयुर्विमा कंपन्या हिंदी माणसाचा विमा काढायला नाखूष असत. काढलाच तर हिंदी आयुष्य कमी भरवशाचं, असं धरून जादा हप्ता लावत. १८७०-७१ च्या सुमारास मुंबईत बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली आणि तिनं हिंदी माणसाला साध्या दरात विमा दिला. म्हणजे 'तू कोण आहेस' या प्रश्नावर हप्ता ठरवणं किती सहज अन्यायाकडे झुकतं, हे मुंबई इलाख्यानं दीडशे वर्षांपूर्वीच पाहिलं होतं.

मोटारीची गोष्ट मात्र वेगळ्या टोकापासून सुरू होते. मोटार येण्याआधी, १८५५ साली, आपल्याकडे एक कायदा झाला होता. कुणाच्या चुकीनं माणूस मेला तर त्याच्या घरच्यांना दिवाणी दावा लावता येईल, असा तो कायदा. पुढे मोटारी आल्या आणि १९१४ साली पहिला अखिल भारतीय मोटार कायदा झाला. पण दावा जिंकला तरी गाडीवाल्याकडे पैसे नसले तर विधवेच्या हातात कोर्टाचा कागद तेवढा उरे. ब्रिटनने १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्यानं यावर उपाय काढला: रस्त्यावर गाडी आणायची तर तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा काढलाच पाहिजे. आपल्याकडे १९३६-३७ साली एका समितीनं तीच शिफारस केली आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात त्याचं स्वतंत्र प्रकरण आलं. मध्ये महायुद्ध आलं. सक्ती प्रत्यक्षात लागू झाली ती १ जुलै १९४६ पासून.

आपण सर्रास 'थर्ड पार्टी' म्हणतो, पण ही तिसरी पार्टी कोण याचा विचार करत नाही. पहिला पक्ष गाडीवाला, दुसरा विमा कंपनी. तिसरा म्हणजे वसई स्टेशनबाहेर रस्ता ओलांडणारी भाजीवाली, निर्मळच्या रस्त्यानं सायकलवर शाळेत निघालेला पोरगा. त्यांनी कधी हप्ता भरलेला नाही, कुठे सही केलेली नाही. तरी कायदा लिहिला गेला तो त्यांच्यासाठी.

इथे मला अब्बा आठवतात. त्यांनी जन्मात कुठला विमा काढला नाही. फक्त स्कूटरचा काढला आणि दर वर्षी पावती कपाटात ठेवताना म्हणायचे, "सरकारची सक्ती आहे, आपली नियत नाही." त्यांच्या पिढीच्या मनात ही खळखळ होती आणि तिला आधार होता. दमास्कसचे हनफी फकीह इब्न आबिदीन (निधन १८३६) यांनी त्या काळी बंदरांत चालणाऱ्या जहाजांच्या विम्याबद्दल लिहिलं आहे. त्याला 'सौकरा' म्हणत. बुडालेल्या मालाचे पैसे अशा करारावर घेणं त्यांनी नाजायज ठरवलं. १९८५ साली जेद्दाला इस्लामी परिषदेच्या फिकह अकादमीनंही नफ्यासाठी चालणाऱ्या विम्याला नाही म्हटलं आणि सहकारी विम्याला हो म्हटलं. सुदानमध्ये १९७९ साली इस्लामी विमा कंपनी निघाली होती, मलेशियानं १९८४ साली तकाफुलचा कायदा केला. आपल्याकडे गाडीसाठी तशी सोय नाही. कायद्यानं लादलेला विमा काढण्याची मुभा मात्र आपल्याकडचे बरेच उलेमा देतात.

पण सक्तीच्या विम्याकडे नुसतं 'नाइलाज' म्हणून पाहावं का? हातून चुकून माणूस मेला तर दियत द्यायची, हे कुराणात सूरह निसामध्ये आहे. दियत किती, तर शंभर उंट. एकट्या माणसाच्या आवाक्यातली ही रक्कमच नाही. म्हणून ती एकट्यानं द्यायची नव्हती. त्याची 'आकिला', म्हणजे त्याच्या कबिल्यातले लोक, वर्गणी काढून देत. मदीनेच्या कराराच्या कलमांत कबिल्यांची नावं घेऊन ही जबाबदारी सांगितली आहे. हजरत उमरांच्या काळात लष्कराची दिवाण, म्हणजे पगाराची नोंदवही, सुरू झाली. तेव्हा एका वहीत नाव असलेले शिपाई एकमेकांची आकिला झाले आणि रक्कम तीन वर्षांत फेडायची मुदत मिळाली. हनफी फिकहमध्ये हाच नियम पुढे चालला. रक्ताच्या नात्याच्या जागी एका वहीतलं नाव आलं, ही पायरी मला फार मोठी वाटते. आणि तीत मारणाऱ्याचं वय विचारून वर्गणी वाढवण्याचा प्रश्न नव्हता, कारण सगळी व्यवस्था मेलेल्याच्या घराकडे पाहून केलेली होती.

१९४६ च्या सक्तीत आणि आकिलेत फरक आहेत. कंपनी नफा कमावते, पैसे व्याजावर गुंतवते, आणि मी मुफ्ती नाही. पण एकाच्या हातून घडलेल्या अपघाताचा भार पुष्कळ जणांनी थोडा थोडा उचलायचा, म्हणजे उघड्यावर पडलेल्या घराला हात पसरावा लागू नये, ही मूळ कल्पना मला परकी वाटत नाही.

हप्ता गाडीवरून ठरण्याची रीत पक्की झाली ती राष्ट्रीयीकरणानंतर. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या आणि दर सगळीकडे एकच. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या मोटार टॅरिफमध्ये हा सगळा हिशेब छापलेला आहे. त्यात खासगी गाडीसाठी चारच गोष्टी पाहिल्या जात: इंजिन किती सीसीचं, गाडी किती जुनी, तिची आजची किंमत किती आणि नोंदणी कुठली. चालवणाऱ्याच्या वयाचा रकाना दरात नाहीच. नोंदणीसाठी देशाचे दोन झोन केले. अ झोनमध्ये मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, बंगळूर, अहमदाबाद ही आठ शहरं, बाकी सगळा देश ब झोन. म्हणून एजंटनं पासिंग विचारलं. आमची गाडी एमएच-४८, वसईची. गर्दी मुंबईची आणि झोन गावाकडचा, असा हा वसई-विरारकरांना मिळालेला एक लहानसा फायदा.

२००७ च्या १ जानेवारीला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर मोकळे झाले. आता त्या भागात कंपन्या आपापल्या पद्धतीनं सूट देतात, मालकाचं वय किंवा व्यवसायही विचारात घेऊ शकतात. थर्ड पार्टीचा दर मात्र अजून सरकारच ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेले वर्षाचे दर असे: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. अठरा वर्षांच्या पोराला आणि एकसष्ट वर्षांच्या खालाला एकच दर.

आता वहीतला हिशेब सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल. आमची गाडी ११९७ सीसीची. किंमत साडेतीन लाख धरली. पाच ते दहा वर्षांच्या अशा गाडीला ब झोनमध्ये जुना दर शेकडा ३.३५१ होता, म्हणजे ११,७२९ रुपये. अंदाज बांधायला हा जुना दर अजून चालतो. त्यावर कंपनी निम्मी सूट देते असं समजा: ५,८६४. ह्यांनी पाच वर्षांहून जास्त काळ एकही क्लेम घेतलेला नाही, म्हणून नो क्लेम बोनस ५० टक्के: उरले २,९३२. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ मिळवले की ६,३४८. त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण सुमारे साडेसात हजार. माझ्या नव्या लायसन्सचा त्यात एक रुपयाही नाही. पॉलिसी ह्यांच्या नावावर असली तरी चालू लायसन्स असलेला कुणीही ह्यांच्या परवानगीनं गाडी चालवू शकतो.

मग नवशिकेपणाची किंमत कुठेच नाही का? आहे, फक्त ती पुढे दडलेली आहे. तो ५० टक्के बोनस ह्यांच्या पाच वर्षांच्या सांभाळून चालवण्याची कमाई आहे आणि तो आता माझ्या हातात आलाय. मी सोसायटीचं गेट घासलं आणि क्लेम घेतला, तर पुढच्या वर्षी बोनस शून्य. नंतर २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत पुन्हा ५० वर यायचं. दर वर्षीचा तोटा मिळवला तर मूळ ५,८६४ च्या सव्वापट होतो: ७,३३०, आणि जीएसटी धरून साडेआठ हजारांच्या वर. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये पहिले १,००० रुपये आपलेच, आणि प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. तेव्हा आठ-नऊ हजारांच्या आतली दुरुस्ती आपल्या खिशातून करायची, असं वहीत लिहून ठेवलं. त्यासाठी एका डब्यात महिन्याला ५०० रुपये टाकते. नव्या ड्रायव्हरचा खरा हप्ता तोच.

गाडी माझ्या नावावर करून घ्यावी का, असंही मनात आलं. ती केली तर ह्यांचा बोनस माझ्याकडे येत नाही, कारण तो गाडीचा नसून माणसाचा असतो. मालकाच्या मृत्यूनंतरच तो नवरा-बायको, मुलं किंवा आईवडिलांकडे जाऊ शकतो. गाडी ह्यांच्याच नावावर ठेवली. पण त्यात एक खाच आहे. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा मालकाकडे चालू लायसन्स असेल तरच लागू होतो. ह्यांचं लायसन्स संपलेलं, आणि मी मालक नाही. म्हणून माझ्यासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा घेतला. साठीनंतर गाडी शिकणाऱ्या बायकांनी हे आवर्जून विचारावं, कारण बहुतेकींच्या घरी गाडी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर असते.

आणखी एक खर्च वसईचा म्हणून आहे. जुलै २०१८ मध्ये पाणी चढलं तेव्हा लोकल बंद पडल्या, वीज गेली आणि बिल्डिंगांखालच्या गाड्या दिवसेंदिवस पाण्यात राहिल्या. पुराचं नुकसान पूर्ण पॉलिसीत येतं, पण पाण्यात बुडालेल्या गाडीला चावी मारली आणि इंजिन गेलं, तर ते पैसे सहसा मिळत नाहीत. त्यासाठी इंजिनाचं वेगळं कवच घ्यावं लागतं. आमच्या खाडीकाठच्या सखल भागात मी ते घेतलं. माझ्या वयापेक्षा इथला पाऊस महाग पडतो.

एवढं झाल्यावर भाच्याला फोन करून सांगितलं की आपल्याकडे वय मोजतच नाहीत. पण त्या रात्री लक्षात आलं की ते खरं नाही. वय मोजतात, दुसऱ्या ठिकाणी मोजतात.

अपघाताच्या भरपाईसाठी १९५६ च्या दुरुस्तीनं खास न्यायाधिकरणांची तरतूद झाली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं सरला वर्मा खटल्यात भरपाईचं कोष्टक घालून दिलं. मेलेल्याच्या वर्षाच्या कमाईतून त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला वयाप्रमाणे गुणायचं. पंचवीसपर्यंतच्या माणसाला १८ नं, ३६ ते ४० ला १५ नं, ५६ ते ६० ला ९ नं, आणि ६१ ते ६५ ला ७ नं. म्हणजे मी गेले तर माझा गुणक ७. माझ्या गाडीखाली स्टेशनकडे धावणारा वीस वर्षांचा मुलगा आला तर त्याचा १८. चालवणाऱ्याचं वय हप्त्यात नाही, आणि ज्याचं आयुष्य तुटलं त्याचं वय भरपाईच्या मधोमध आहे.

दियतचा हिशेब याहून वेगळा होता. तरुण-म्हातारा, मजूर-सावकार असा भेद त्यात नव्हता, शंभर उंट म्हणजे शंभर उंट. बाईची दियत मात्र जुन्या फुकहांनी निम्मी धरली, हेही सांगायला हवं. कोष्टकात मजुराच्या जिवाला व्यापाऱ्याच्या जिवापेक्षा कमी पैसे मिळतात. कुठलाच हिशेब पुरा पडलेला नाही.

कुराणात त्याच आयतीत दियतच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे: कफ्फारा. गुलाम मुक्त करायचा आणि ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे धरायचे. फकीहांनी यात भेद केला. दियत आकिला देईल, कफ्फारा ज्याच्या हातून घडलं त्यालाच. तो कबिला वाटून घेऊ शकत नाही, शिपायांची वही घेऊ शकत नाही, आणि ३,४१६ रुपये भरून आजही कुणावर ढकलता येत नाही. माझ्याकडे सगळी कागदपत्रं आहेत, पैशांची व्यवस्था आहे. तरी साठ रोज्यांची ती आठवण गाडीत माझ्या शेजारी बसलेली असते.

म्हणून घरात काही नियम केले. रात्री गाडी काढायची नाही. महामार्गावर वर्षभर तरी जायचं नाही, दवाखाना आणि बाजार एवढंच. जोराच्या पावसात गाडी उंच जागी लावून रिक्षा करायची. डोळे दर सहा महिन्यांनी तपासायचे, लायसन्सची पाच वर्षं संपायची वाट पाहायची नाही. आणि ज्या दिवशी हे म्हणतील की आता तुझ्याच्यानं होत नाही, त्या दिवशी वाद न घालता चावी ठेवायची. ह्यांनी स्वतःची चावी अशीच कुणी न सांगता ठेवली होती.

पॉलिसीचा कागद आला तेव्हा ह्यांनी तो भिंग लावून पूर्ण वाचला आणि अब्बांच्या त्याच कपाटात ठेवला. मग म्हणाले, "चल, स्टेशनपर्यंत जाऊन येऊ. पण दुसऱ्या गिअरमध्येच."